इंजिनातली टकटक सारखी परत येते? आवाज कुठून येतो ते नंतर, आधी कधी येतो ते पाहा

मोटरसायकल सर्व्हिसिंग करून आणली, आठ दिवस गाडी गप्प राहिली आणि नवव्या दिवशी सकाळी स्टार्ट केली तर तीच टकटक पुन्हा हजर. ओळखीपाळखीतल्या ज्या गाड्या माझ्या दारात येऊन उभ्या राहतात, त्यातल्या निम्म्या या एकाच तक्रारीच्या असतात. मी गॅरेज चालवत नाही. हात काळे करायची हौस आहे आणि या एका दुखण्यामागे बरीच वर्षं लागलोय, एवढंच.

सुरुवातीची कित्येक वर्षं मी एकच चूक करत आलो: आवाज नेमका कुठून येतोय ते कान लावून शोधत बसायचो. इंजिन म्हणजे एकमेकांना घट्ट आवळलेला धातूचा ठोकळा. हेडमधला, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या भागातला, टोला खाली क्रँककेसवर, म्हणजे तळाच्या पेटीवर ऐकू येतो, डाव्या अंगाचा उजव्या अंगाला. जागेच्या बाबतीत आवाज सर्रास फसवतो, वेळेच्या बाबतीत फारसा फसवत नाही. थंड असताना येतो की तापल्यावर, ओढ लागल्यावर येतो की रेस सोडल्यावर, क्लच दाबला की जातो की राहतो, एवढं कळलं की अर्धं काम झालं.

खाली लिहिलंय ते चार-स्ट्रोक, एक सिलिंडर, हवेवर थंड होणाऱ्या साध्या मोटरसायकली डोळ्यांसमोर ठेवून. मोठ्या इंजिनांनाही बरंचसं लागू पडतं. जिथे पडत नाही तिथे तसं सांगितलंय.

लक्षणं

शिलाई मशीनसारखी बारीक टिकटिक, वरच्या अंगाला, रेस वाढवली की त्याच पटीत जलद होणारी: टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट वाढलीय, किंवा सायलेन्सरचा बेंड (हेडमधून निघणारी वाकडी नळी) हेडपाशी गळतोय. हे दोन आवाज जुळे भाऊ आहेत.

सकाळी पहिली दोन-तीन मिनिटं पोकळ ठकठक, इंजिन तापलं की गायब: पिस्टन बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, थोडा सैल झालाय.

साखळी डब्यात हलवल्यासारखी खळखळ, आयडलिंगला किंवा रेस सोडताना जास्त: टायमिंग चेन (इंजिनाच्या आतली, व्हॉल्व्हचा कॅम फिरवणारी) नाहीतर तिला ताठ ठेवणारा टेन्शनर.

न्यूट्रलला उभी असताना खडखड, क्लच दाबला की बंद: क्लचचं हाउसिंग किंवा त्या बाजूचं बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लच सोडवणारं छोटं बेअरिंग.

चढावर वरच्या गिअरला ॲक्सिलरेटर पिळला की पत्र्याच्या डब्यात वाळू टाकल्यासारखी किरकिर: नॉकिंग, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण अवेळी भडकतंय.

एका ठरावीक वेगालाच झणझण, त्याच्या खाली-वर काही नाही: काहीतरी सुटं आहे, आणि बहुतेक वेळा ते इंजिनात नसतंच.

वेगाबरोबर चढत जाणारी सततची घरघर: कुठलं तरी बेअरिंग.

आणि शेवटचा, जाड, लाकडी हातोड्यानं ठोकल्यासारखा ठोका, ओढ लागली की वाढणारा, इंजिन तापलं की आणखी वाढणारा. हा असेल तर पुढचं सगळं सोडा आणि थेट ‘इथे थांबा’पाशी जा.

पाना हातात घेण्याआधी

एक कागद घ्या. आवाज थंड असताना येतो का, किती मिनिटांनी जातो, कुठल्या गिअरला, चढावर की उतारावर, शेवटचं ऑइल कधी बदललं, आणि आवाज सुरू होण्याच्या लगेच आधी गाडीवर कुठलं काम झालं होतं, एवढं लिहून काढा. शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात. कार्बोरेटर साफ केल्यानंतर आलेली किरकिर आणि पंक्चर काढल्यानंतर आलेली खडखड यांना इंजिन उघडायची काहीच गरज नसते.

मग फोनवर आवाज रेकॉर्ड करा. इंजिन थंड असताना एकदा, तापल्यावर एकदा, फोन दोन्ही वेळा त्याच जागी, त्याच अंतरावर. माणसाच्या कानाला कालचा आवाज आठवत नाही. ‘पूर्वीपेक्षा वाढलाय’ हे बहुतेक वेळा मनाचे खेळ असतात.

या रेकॉर्डिंगचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला फार उशिरा सुचला. क्रँकचे (पिस्टन फिरवतो त्या दांड्याचे) दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक होतो. आयडलिंग १२०० आरपीएमला असेल तर क्रँक सेकंदाला २० फेरे फिरतो आणि कॅम १०. कानाला हे मोजता येत नाही, पण रेकॉर्डिंग पाव वेगानं वाजवलं की ४ सेकंदांत १० टोले पडतात की २०, हे बोटांवर मोजता येतं. १० आले तर व्हॉल्व्ह, किंवा फायरिंगशी बांधलेलं काही (सायलेन्सरची गळती त्यातच आली). २० आले तर क्रँकबरोबर फिरणारं काही, उदाहरणार्थ क्रँकच्या टोकावरचा, वीज तयार करणारा मॅग्नेट सैल झालेला. अचूक विज्ञान नव्हे हे. पण कुठलं झाकण आधी उघडायचं ते यावरून ठरतं.

दोन गोष्टी जिवाच्या. बंद खोलीत किंवा शटर लावून इंजिन चालू ठेवू नका. सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि मेन स्टँडवर गिअरमध्ये मागचं चाक फिरत असताना चेनजवळ हात, फडकं किंवा बाही नेऊ नका. चेनला तेल लावायचं तर इंजिन बंद करून चाक हातानं फिरवत लावा. बोट स्प्रॉकेटमध्ये गेलं तर अख्खं परत येत नाही.

पहिली तपासणी: ऑइल

फुकटची आहे म्हणून पहिली, आणि सर्वात जास्त वेळा इथेच उत्तर सापडतं म्हणूनही. इंजिनातल्या प्रत्येक फटीत ऑइलचा पातळ थर असतो, तोच टोले झेलतो. थर गेला की निरोगी इंजिनही वाजतं.

गाडी दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, आणखी दोन-तीन मिनिटं ऑइल खाली बसू द्या. मग सपाट जागी, गाडी सरळ उभी धरून लेव्हल पाहा. साइड स्टँडवर पाहिलेली लेव्हल खोटी असते. डिपस्टिक असेल तर ती आटे आवळून मोजायची की नुसती टेकवून, हे मॅन्युअलमध्ये पाहा. बऱ्याच गाड्यांत नुसती टेकवायची असते. आवळून मोजलं तर ऑइल कमी असूनही पुरेसं दिसतं.

लेव्हलबरोबर ऑइलचा वासही घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि लेव्हल घटायच्या ऐवजी वाढली असेल, तर कार्बोरेटरची सुई नीट बसत नाही आणि पेट्रोल चेंबरमध्ये उतरतंय. असं पातळ झालेलं ऑइल नुसतं बदलून भागत नाही, पंधरा दिवसांत टकटक परत. ‘ऑइल बदललं की आवाज जातो, पण टिकत नाही’ ही तक्रार ऐकली की मी आधी वास घेतो. ऑइल दुधाळ दिसत असेल तर पाणी मिसळलंय: पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात ती गंभीर बाब, साध्या इंजिनात बहुतेक वेळा फार छोट्या फेऱ्यांमुळे साचलेला दमटपणा.

ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलीय तीच. आवाज दाबायला जाड ऑइल घालायचा सल्ला सगळेच देतात. आवाज कमी होतोही, पण थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि झीज वाढते. कारचं ऑइलही नको: बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या घर्षण घटवणाऱ्या द्रव्यांनी तो घसरायला लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलंय का तेवढं पाहा.

दुसरी: इंजिनाबाहेरचं सगळं

एकदा एका मित्राच्या गाडीचं टॅपेट कव्हर मी तीन वेळा उघडलं. आवाज होता सायलेन्सरवरच्या पत्र्याच्या जाळीचा. एक स्क्रू गेला होता.

म्हणून इंजिन चालू ठेवा, आवाज येईल तेवढी रेस धरायला कुणाला तरी सांगा, आणि हातात जाड मोजे घालून एकेक वस्तू दाबत जा: सायलेन्सरचा पत्रा, नंबर प्लेट, साइड कव्हर, चेन कव्हर, स्टँडच्या स्प्रिंगा, टाकीखालच्या वायरींचे क्लिप. दाबल्यावर आवाज बंद झाला की चोर सापडला. इंजिन बंद करून फ्रेमला इंजिन धरणारे बोल्ट पान्यानं तपासा. हवेवर थंड होणाऱ्या काही इंजिनांच्या फिन्समध्ये (बाहेरच्या पातळ पट्ट्यांमध्ये) रबराचे छोटे तुकडे बसवलेले असतात. ते सुकून गळाले की फिन्स टाळासारख्या वाजतात आणि आवाज अगदी बोअरमधून आल्यासारखा वाटतो. या फसवणुकीत मी दोनदा सापडलोय.

चेनचा ढिलेपणा खालच्या बाजूला मधोमध मोजा. बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर असतो, आपल्या गाडीचा आकडा चेन कव्हरवर किंवा मॅन्युअलमध्ये सापडेल. चाक फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एके ठिकाणी ताठ आणि एके ठिकाणी लोंबती असेल तर कितीही ॲडजस्ट करा, खडखड परत येणार. तिथे चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेटच बदलावा लागतो.

तिसरी: क्लच दाबून दोन चाचण्या

हत्यार काहीच लागत नाही, आणि दोन मिनिटांत अर्धी गाडी संशयातून बाहेर पडते.

उभ्या गाडीला न्यूट्रलमध्ये क्लच दाबा, सोडा, दाबा. वर लक्षणांत लिहिलंय तसं आवाज जातो किंवा येतो का ते ऐका. क्लचची थोडी खडखड पुष्कळ गाड्यांत जन्मजात असते. घसरत नसेल, गिअर नीट पडत असतील, तर मी तिला हात लावत नाही.

दुसरी चाचणी मोकळ्या, सरळ, रिकाम्या रस्त्यावरच. साधारण ४० च्या वेगाला क्लच पूर्ण दाबा आणि रेस सोडा. इंजिन आयडलिंगला उतरेल, गाडी तशीच घरंगळत राहील. आवाज पहिल्याच तालात चालू राहिला तर तो चाकाचा, ब्रेकचा किंवा चेनचा आहे. इंजिनाच्या नावानं खडे फोडणं बंद करा. इंजिनाबरोबर आवाजही उतरला तर पुढे वाचा.

चौथी: सायलेन्सरचा बेंड आणि प्लग

बेंड जिथे हेडला मिळतो तिथलं गॅस्केट बसलेलं नसेल तर प्रत्येक फायरिंगला हवा फुसकन निसटते, आणि कानाला ती हुबेहूब टॅपेट वाटते. यामुळे नाहक आवळली गेलेली टॅपेटं मी पुष्कळ पाहिली आहेत.

इंजिन पूर्ण थंड असताना सांध्यावर साबणाचं पाणी लावा, स्टार्ट करा आणि पहिली पाच-दहा सेकंदंच पाहा, नंतर पाणी उडून जातं. बुडबुडे दिसले किंवा सांध्याभोवती काजळीचा काळा डाग असेल, तर निकाल लागला. नट थोडे-थोडे, आळीपाळीनं आवळा. त्यानंही बंद झालं नाही तर गॅस्केट नवीनच घाला. हे गॅस्केट चेपून बसतं, एकदा चेपलेलं परत घातलं की महिन्याभरात टिकटिक परत येते. ‘परत येणाऱ्या’ आवाजांत याचा वाटा मोठा आहे. नट गंजलेले असतील तर जोर लावू नका. स्टड हेडमध्ये तुटला तर छोट्या कामाचं मोठं होतं.

प्लगही हातासरशी पाहून घ्या. सैल प्लग ‘चफ-चफ’ करतो. काढलाच आहे तर रंग पाहा: फिकट तपकिरी चांगला. पांढराफटक असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन जास्त तापतंय, म्हणजे चढावरच्या किरकिरीचं कारण बहुधा हेच. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबराला चीर पडलीय का पाहा. किरकिर असेल तर तोवर एक पथ्य पाळा: चढाला गिअर आधीच उतरवा, कमी रेसला इंजिनाला ओढायला लावू नका. नॉकिंग अंगावर काढलं तर पिस्टनचा माथा खातं.

पाचवी: टॅपेट

इथून पुढे हत्यार लागतं आणि चूक महाग पडते. फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पट्ट्या, फट मोजायला) हवंच. अंदाजानं, ‘बोटाला हललं पाहिजे’ या हिशेबानं टॅपेट लावणारे उस्ताद मी पाहिलेत, पण साध्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते आणि लहान इंजिनांत इथली फट त्याच्या आसपासच असते. बोटाला त्यातला फरक काय कळणार?

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं, कारण मॅन्युअलमधला आकडा थंड इंजिनाचा असतो. प्लग काढा, म्हणजे क्रँक हातानं सहज फिरतो. मॅग्नेटवरची ‘टी’ची खूण खिडकीतल्या खुणेशी जुळवा. ही खूण एका चक्रात दोनदा जुळते. दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) जरा जरा हलत असले तर बरोबर जागी आहात. एखादा ताठ असेल तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. लोकांचा घोटाळा नेमका इथे होतो.

गेजची पट्टी किंचित अडखळत सरकली पाहिजे. मग फटीचा स्क्रू जागी धरणारा चेक नट आवळा आणि पुन्हा मोजा. आवळताना स्क्रू नटाबरोबर फिरतो आणि फट बदलते. हे दुसऱ्यांदा मोजणं गाळल्यामुळे सर्व्हिसिंगनंतर आठवड्यात आवाज परत येतो. बरोबर लावलेलं टॅपेट महिन्याभरात पुन्हा ढिलं झालं तर रॉकरचं टोक किंवा कॅम झिजलाय, नुसतं ॲडजस्ट करत राहू नका.

आणि एक, हे सगळ्यात महत्त्वाचं. हलकी टिकटिक चालते, पण फट संपलेली चालत नाही. व्हॉल्व्ह आपल्या जागेवर पूर्ण टेकतो तेव्हाच आपली उष्णता हेडला देतो. फट शून्य झाली की तो अधांतरी राहतो, तापतो आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. माझ्याकडे आलेली एक गाडी ‘टॅपेटचा आवाज पूर्ण घालवून दिलाय’ म्हणून कौतुकानं दाखवली गेली होती. गप्प होती खरी. दोन महिन्यांनी ओढ गेली, हेड उतरवलं, व्हॉल्व्हची कड खाल्लेली. तेव्हापासून एकदम शांत झालेल्या हेडची मला जास्त भीती वाटते.

तुमच्या इंजिनात स्क्रूऐवजी शिम (फट ठरवणाऱ्या छोट्या चकत्या) असतील तर घरी फक्त फट मोजा. बदलायला कॅमशाफ्ट उतरवावा लागतो, ते काम द्या.

सहावी: टायमिंग चेन, इथे बहुतेकांनी थांबावं

स्टार्ट केल्यावर एक-दोन सेकंद खळखळ होऊन थांबत असेल तर ऑइल वर पोचायला लागणारा वेळ आहे, लक्ष ठेवा. सतत असेल, विशेषतः रेस सोडताना, तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक सिलिंडरवर टेन्शनरच्या बाजूला टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. वैद्याच्या नळीसारखं काम होतं. मग तेच हेडवर, मग क्लच कव्हरवर. जागेबद्दल आवाज फसवतो म्हणालो, पण आधी वेळ ठरवून मग तीन ठिकाणांची तुलना केली की फसवणूक बरीच कमी होते.

टेन्शनर बाहेरून दोन बोल्टांवर असतो, त्यामुळे काढून पाहायचा मोह होतो. तो निघालेला असताना क्रँक जरासा जरी फिरला तरी चेन दात सोडू शकते, आणि मग व्हॉल्व्ह-पिस्टनची गाठ पडते. परत बसवताना आतला दांडा पूर्ण मागे घेऊन अडकवायचा असतो, मग सोडायचा. हे आधी कुणाला करताना पाहिलं नसेल तर करू नका. चेन लांबली असताना नुसता टेन्शनर बदलला तर आवाज काही काळ जातो आणि परत येतो. चेन, गाइडच्या पट्ट्या, टेन्शनर तिन्ही एकत्र तपासायला सांगा.

इथे थांबा

जाड ठोका ओढ आणि उष्णतेबरोबर वाढतोय. ऑइलचा दिवा चालू इंजिनात पेटलाय. आवाज अचानक सुरू झाला आणि सोबत ओढही गेली. किक मध्येच अडतेय. ड्रेन बोल्टच्या चुंबकाला किंवा काढलेल्या ऑइलमध्ये नखात धरता येतील असे धातूचे तुकडे आहेत. यातलं एकही असेल तर इंजिन बंद, आणि गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही, टेम्पोत घालून न्यायची. बिग एंडचं (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं) बेअरिंग धावत्या गाडीत अडकलं तर मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. चुंबकावरची राखाडी पेस्ट मात्र नेहमीचीच असते, तिला घाबरू नका.

बहुतेक एक-सिलिंडर गाड्यांत क्रँक दाबून जोडलेला असतो. तो सोडवून, नवं बेअरिंग घालून पुन्हा सरळ रेषेत आणायला प्रेस आणि डायल गेज लागतं. घरात बसून होणारं काम नव्हे.

मेकॅनिककडे जाताना तो कागद आणि दोन्ही रेकॉर्डिंग्ज घेऊन जा. ‘इंजिन काम करा’ म्हणू नका. ‘थंड असताना नसतो, दहा मिनिटांनी येतो, तिसऱ्या गिअरला चढावर वाढतो, क्लच दाबून फरक नाही’ असं सांगा, आणि शक्य असेल तर थंड इंजिनाचा आवाज त्याला ऐकवायला गाडी आदल्या रात्रीच तिथे ठेवा. काढलेले भाग परत मागा. बोअर उतरवला असेल तर कनेक्टिंग रॉड तुमच्यासमोर हलवून दाखवायला सांगा: बाजूला थोडी सरकते, तशी सरकायलाच हवी. वर-खाली मात्र जरासुद्धा हलता कामा नये.